सरांचं चौथं बोट

सर तीन बोटं वर करायचे. नवीन माणूस क्लासच्या पायरीवर चप्पल काढतंय न काढतंय तोच सरांचा हात वर. "कान, डोळे, हात. तुमचं काय?"

मला वाटलं फी विचारतायत. मी दारातच घाबरले.

चंदनसारला आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात त्यांचा कम्प्युटर क्लास होता. पाच कम्प्युटर, एक पंखा, आणि तो पण सरांच्याच डोक्यावर फिरायचा. सर मुंबईच्या कुठल्या तरी ऑफिसातून लवकर रिटायर झालेले, एकटेच असायचे, चष्मा कपाळावर आणि मग चष्मा शोधायचे. तुमच्याही बिल्डिंगखाली असेल असा एखादा माणूस, जाता-येता दिसतो, आपण नुसतं हसतो.

मी समुद्रकाठच्या कळंबची. नववीपर्यंत कशीबशी गेले, मग आईबरोबर मासळीच्या टोपलीला, मग लग्न होऊन इकडे फ्लॅटमध्ये. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा माझी छोटी आठ महिन्यांची होती. शेजारीण म्हणाली कम्प्युटरचं सर्टिफिकेट असेल तर कुठेतरी टेबलावर बसायचं काम मिळतं. सासूबाई म्हणाल्या, "नववीत मराठीला रडलीस, आता मशीनशी काय बोलणार?" पण छोटीला घेतलं त्यांनी मांडीवर. मी आले.

शिकवायला सर नसायचेच. धडा इंटरनेटवरून यायचा. कानाला हेडफोन लावायचा, आत एक बाई बोलायची, समोर चित्र हलायचं, मग प्रश्न, मग बटण दाबायचं. सर नुसते मागे फिरायचे.

"ती आतली बाई आहे ना," ते म्हणायचे, "ती एकच, आणि शिकणारे सगळ्या गावचे. तिला काय दिसतंय समोर कोण बसलंय? ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून आपल्याला काय कुठून समजतं ते आपणच ओळखायचं."

म्हणून ती तीन बोटं. कोण ऐकून शिकतं, कोण बघून, कोण करून. निर्मळ गावचा एक फुलवाला यायचा, त्याला सरांनी पहिल्याच दिवशी हात म्हणून टाकलं. "ह्याला धडा नको, माऊस द्या." कॉलेजच्या तीन पोरी होत्या, त्या डोळे. त्यांना सर चित्र थांबवून वहीत काढून घ्यायला लावायचे. आणि मी?

"तुम्ही कान," सर म्हणाले. "घाबरलेली माणसं कानच असतात. ससा बघा."

आणि मला त्यांनी क्लासमधला सगळ्यात चांगला हेडफोन दिला, रबरबँड लावलेला.

मी ऐकायचे. देवाशप्पथ ऐकायचे. पण आतल्या बाईचं बोलणं एका कानातून जायचं आणि मला वरून, आमच्या घरातून, छोटीचं रडणं ऐकू यायचं. खरंच रडत असायची की मलाच वाटायचं माहीत नाही. दूध उतरायचं, ब्लाऊज ओला, मी पदर पुढे ओढून बसायचे. इथे बसले की घरी पाप केल्यासारखं वाटायचं, आणि उठून पळाले की सरांकडे बघवायचं नाही. सराव परीक्षेत नापास. परत नापास. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, सगळ्यांना दिसायची.

सर माझ्या हेडफोनचं रबरबँड बदलायचे. "ह्याच्यातच काहीतरी आहे," म्हणायचे.

मग सासूबाईंना ताप आला. ह्यांचा कुठेतरी इंटरव्ह्यू. मी छोटीला घेऊनच खाली आले. सर फोनवर होते, मी गुपचूप कोपऱ्यात बसले, तिला मांडीत घेतलं. ती हेडफोन ओढायला लागली म्हणून तो काढून ठेवला आणि ती रडू नये म्हणून तिच्याशीच बोलायला लागले.

"हे बघ बाय, ही फाईल. हिला पकडायची अशी, मासा पकडतो ना तशी, सोडायची नाही. आता ह्या डब्यात टाकायची. टाकली? आता डब्याला नाव द्यायचं, नाहीतर उद्या सापडनार नाय आपल्याला..."

मागे बघते तर सर. मी उठलेच. "सॉरी सर, जाते सर, आजी आजारी आहे हिची..."

"बसा हो. नाव दिल्यावर पुढे काय?"

"पुढे... सेव्ह."

"मला नका सांगू. तिला सांगा."

मी तिला सांगितलं. सगळा धडा सांगितला. ती माझं मंगळसूत्र चघळत बसलेली. नंतर परीक्षा दिली तर स्क्रीनवर लाल आलंच नाही.

सर आपल्या तीन बोटांकडे बघत बसले, कोणीतरी फसवल्यासारखे. मग हळूच करंगळी उघडली. "तोंड," म्हणाले. "हे माझ्याकडे नव्हतंच की. तुम्हाला दुसऱ्याला सांगितल्याशिवाय समजत नाही. मी ताई तुम्हाला चुकीच्या डब्यात टाकलं."

मग छोटी रोज यायला लागली. सर तिला "मॅडम" म्हणायचे. "मॅडम आल्या, धडा सुरू करा."

पण माझी बडबड बाकीच्यांना कशी चालेल? पोरी म्हणायच्या, "काकी, रेडिओ बंद करा ना!" मी गप्प बसले की मला धडा समजायचा नाही, बोलले की त्यांचा जायचा. त्यात स्टेशनजवळ नवीन क्लास निघाला, काचेचा, एसीवाला. तिन्ही पोरी तिकडे गेल्या. मग अजून दोघं गेले. फुलवाल्याचं शिकणंच संपलं.

"माझ्यामुळे गेले ना सर?"

"एसीमुळे. तुमच्या तोंडातून गार वारा येत नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

हसले ते. पण तेव्हा पाचातले तीन कम्प्युटर बंद होते आणि त्यांच्यावर सरांनी कपडा टाकलेला, ते मला दिसत होतं.

मी पास झाले. सर्टिफिकेट बघून सासूबाईंनी छोटीच्या हातात साखर दिली, माझ्या नाही. आणि काम कुठे मिळालं, तर त्याच काचेच्या क्लासमध्ये, पुढच्या टेबलावर. मी नको म्हणत होते. सरांनीच पाठवलं. "जा. घरी माणूस बसलंय ना तुमचं? आणि तिथे एक तरी बोलणारं पाहिजे."

तिथे माझं काम काय, तर हजेरी घ्यायची आणि कोणी बोललं की जाऊन सांगायचं, "आवाज नको."

त्या पोरी तिथेच होत्या. मला बघून एक म्हणाली, "काकी, तुम्ही?" मी गळ्यातलं कार्ड पदराखाली घातलं.

थोड्याच महिन्यांनी सरांचा गाळा रिकामा झाला. मी दिवसभर कामावर, मला आधी कळलं पण नाही. दुपारी काचेच्या दारात उभी होते तर समोर ट्रॅफिकमध्ये टेम्पो अडकलेला. मागे उलट्या खुर्च्या, कपड्यात बांधलेले कम्प्युटर, ड्रायव्हरशेजारी सर. चष्मा कपाळावर. त्यांनी मला बघितलं आणि हात खिडकीबाहेर काढला. टाटा नाही केला. चार बोटं.

समोरचा चहावाला ओरडला, "चार कटिंग का काका?"

सर हसले. मला म्हणायचं होतं, सर, थांबा, मला सांगायचंय. मी, जिला बोलल्याशिवाय काही येत नाही. दार बंद, काच जाड, आणि तोंडातून शब्द नाही. टेम्पो गेला. सर त्यांच्या मुलीकडे नाशिकला गेले म्हणे.

छोटी आता चार वर्षांची. तिला माझ्याशिवाय राहायची सवय झालीय, आणि ते पण मला बघवत नाही.

मागच्या आठवड्यात क्लासमध्ये एक नवीन बाई आली, कपाळावर घाम, हेडफोन घालून पुटपुटत बसलेली. मालक केबिनमधून माझ्याकडे बघायला लागले. मी उठले. तिच्याजवळ गेले आणि तिला उठवून कोपऱ्यात नेलं, एसीच्या खाली, जिथे मशीनचा घर्रर्र आवाज येतो.

"इथे बसा," म्हटलं. "इथून बाहेर ऐकू जात नाही. घरी कोण आहे तुमचं लहान?"

"मुलगा आहे," ती म्हणाली.

"तो समोर बसलाय समजा, त्याला सांगा सगळं," मी म्हटलं, आणि मालकांना दिसणार नाही असा हात पदराआड धरून तिला चार बोटं दाखवली.