साडेअकराची लाइट यायच्या आत

तुमचं वजन एकशे अठरा किलो आहे, पाय टेकत नाहीत इतक्या पाण्यात तुम्ही पडलाय, आणि ज्या यंत्रावर चढायचं ते तुमचा हात पडला की बुडायला लागतंय. काय कराल? हसू नका. येडगाव धरणाच्या काठावर त्या दिवशी हसणारे पुष्कळ होते. पाण्यात एकटा तालिब होता.

तालिब जुन्नरचा. आठवी पास, पण मोटरीच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणार. धरणाकाठी बोटिंग चालवणाऱ्या भरतनं गोव्याहून जुनी जेट स्की आणली, उभ्यानं चालवायची. ती बंद पडली, तालिबनं चालू केली. एवढ्यावर काम संपलं होतं. पण भरत म्हणाला, "ट्रायल आपला बोटीवरचा पोऱ्या पप्पू घेईल, तालिबभाऊ. तुमी चढलात तर धरणाचे दरवाजे उघडावे लागतील राव."

सगळे खिदळले. तालिबचं डोकं फिरलं. "दुरुस्त कुणी केली? मग ट्रायल पण मीच घेणार." लाइफ जॅकेटचे बंद पोटावर पोचेनात, ते त्यानं नायलॉनच्या दोरीनं आवळलं.

गुडघ्यावर बसून तो निघाला. वेग आला तसा उभाही राहिला, आणि काठ पार लांब पडला तरी थांबला नाही. मग वळताना यंत्र एका कुशीवर गेलं नि तो पाण्यात. मनगटाला बांधलेली, बटणातून निघाली की इंजिन थांबवणारी दोरी सुटली, इंजिन बंद. त्यानं मदतीला हात हलवला. काठावरच्यांनीही हात हलवले.

यंत्राच्या मागच्या, उभं राहायच्या खोलगट जागेत कोपरं टेकवून त्यानं जोर लावला. मागचा भाग खाली गेला, नाक वर उठलं आणि सगळं धूड त्याच्यावर उलटं. सुलटं करून पुन्हा चढला. या वेळी जॅकेटची कड यंत्राच्या कडेला अडकली, पुन्हा तेच. नाकातोंडात पाणी गेलं. खोकता खोकता त्यानं मान वळवली, तेव्हा त्याला तराफा दिसला.

निळ्या पिंपांवर बसवलेली, काठावर शेती असलेल्या गेणभाऊंची पाण्याची मोटर. पन्नासेक फुटांवर. वारा त्याला तिकडंच ढकलत होता. तिची केबल बांबूंवरून काठाला गेलेली, पण मधे एका ठिकाणी झोळ पडून पाण्यात बुडालेली. नेमका तिथंच जोड होता. दिवाळीत तालिबनंच मारलेला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. "टेंपरवारी हाय बरं का," तो तेव्हा म्हणाला होता. "चालतंय की," गेणभाऊ म्हणाले होते. चालत राहिलं.

त्या आठवड्यात शेतीची लाइट साडेअकराला यायची, आणि ती आली की त्या जोडातून करंट पाण्यात उतरायची भीती. पाण्यात उतरताना अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि गेणभाऊंच्या स्टार्टरला ऑटो होता: लाइट आली की मोटर आपोआप सुरू, बटण दाबायला माणूस लागत नाही. आज चतुर्थी, गेणभाऊ लेण्याद्रीला गेलेले. मेन स्विच पाडणारं तिथं कुणीच नव्हतं. ऑटो बसवणाराही तालिबच.

पाणी कोमट होतं, तरी त्याचे दात वाजायला लागले. किती मिनिटं गेली? पाच? पंधरा? यंत्र सोडून पोहावं तर दम उरलेला नव्हता. तोंडात अल्लाचं नाव आणि डोळे त्या केबलवर.

मग त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. आपण वरून दाबतोय, म्हणून ते बुडतंय. त्यानं यंत्र सोडलं नाही, पण जोर सोडला. दोन्ही पाय मागं ताणले, बेडकासारखे झाडले, अंग पाण्यावर आडवं होईस्तोवर झाडले, आणि छाती नुसती आत सरकवली. उठायचं नाव नाही. चाचपडत दोरी जागेवर लावली, बटण दाबलं. इंजिन खोकलं, विझलं. पुन्हा दाबलं. धरलं. अगदी थोडा गॅस दिला. पोटावर पडलेल्या तालिबला यंत्रानं ओढत नेलं. वेग वाढला तसा बुडालेला मागचा भाग वर आला.

तो लांब गेला न गेला, तोच मागं गेणभाऊंची मोटर गुरगुरत सुरू झाली.

काठावर भरत मोबाइल धरून उभा. "उभं राहायचं व्हतं की तालिबभाऊ, व्हिडिओ काढत व्हतो."

ओल्या कपड्यांनी तालिब गेणभाऊंच्या स्टार्टरच्या शेडवर गेला, मेन पाडला, केबल ओढून जोड वर काढला. ट्यूब फाटलेली. आतलं तांबं उघडं, हिरवं पडलेलं.

संध्याकाळी गेणभाऊ आले. "इतके दिवस काय झालं व्हतं का?"

"आज व्हणार व्हतं," तालिब म्हणाला आणि त्यांच्यादेखत ऑटो सोडवून घेतला.

आता तो गावोगाव फिरून स्वतः बसवलेले ऑटो काढतोय. लोक शिव्या घालतात. "आमी काय दिवसभर स्टार्टरपाशी बसायचं का?" म्हणतात. तो ऐकून घेतो आणि स्क्रू फिरवत राहतो. पण कुठं अचानक मोटर सुरू झाली की अजूनही त्याच्या हातातला चहा सांडतो.

तुमची मोटर नदीत, तळ्यात, धरणात असेल, तर हा कागद खाली ठेवा. मेन पाडा, ऑटो काढा, आणि पाण्यातला जोड वायरमनकडून आजच बाहेर काढून घ्या.