वामनरावांची मोजणी

मला एक सांगा. पोहता न येणारी चार माणसं समुद्रात उतरली, तर त्यांनी भरवसा कोणावर ठेवायचा? तुम्ही म्हणाल, एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्यावर. आम्ही मात्र वर्षानुवर्षं अशा माणसावर ठेवला, ज्यानं समुद्राच्या पाण्याला कधी पाय लावला नव्हता.

अमरावतीत माझं कूलरचं दुकान आहे. मागच्या गोदामात जुन्या मोटारी, वाकलेली पाती, अर्धे पंप साचत जातात. टाकवत नाहीत, कारण कोणता कधी कुठं बसेल सांगता येत नाही. आमच्या उन्हाळी सहलींचे किस्से असेच साचलेत. आज थोडे बाहेर काढतो.

टोळी पाच जणांची. वामनराव मोर्शीकडचे, संत्र्याचे बागायतदार. सुधाकर अकोल्याचा, फुलं-भाजीचा व्यापारी, पण जिभेवर कायम मिरची. गुरुजी मूर्तिजापूरचे, शाळेतून निवृत्त झालेले. नासिरभाईही अकोल्याचे, गाडी त्यांची अन् स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. पाचवा मी. चौघंही मूळचे माझे गिऱ्हाईक. कूलर विकला, दोस्ती सोबत फुकट आली. दरवर्षी मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, दुकान पोरावर सोडून मी यांच्याबरोबर कोकणात जातो. यावरून काय ते ओळखा.

* * *

पहिल्या वर्षी मी गाडीच्या टपावर कूलर बांधून नेला. हसू नका. आमच्याकडं मे महिन्यात माणूस बाहेरगावी निघाला, की झोपेचं काय, हा विचार आधी करतो.

मालवणच्या अलीकडं एका काकूंच्या घरी उतरलो. हे कपाट कशाला आणलंत, असं त्यांनी विचारलं. मी कूलरच्या बाजूच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरला, टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं. अर्ध्या तासात चादरी ओलसर, चिवडा मऊ, अन् पाचही जण घामानं निथळत बसलेले. सुधाकर म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाइकाले असाच गार करतं का तू?"

काकू दारात आल्या. "अहो, इथली हवाच आधी घामाघूम. तिला आणखी पाणी कशाला पाजताय?"

पंचवीस वर्षांचा धंदा, अन् हे मला काकूंनी शिकवावं! तेव्हा वामनराव उठले. ताट्या काढून अंगणात ठेवल्या, टाकीचं बूच काढलं, नुसता पंखा चालू केला. सगळ्यांना दुपारची झोप लागली. परतताना त्यांनी कूलरचा छोटा पंप काढून काकूंच्या हौदाला बसवून दिला, माडाच्या आळ्यात पाणी जायला. तो अजून चालतो. हा किस्सा मी दुकानात सांगत नाही.

* * *

त्याच मुक्कामात पहिल्यांदा समुद्रावर गेलो. आम्ही चौघं लहान पोरांसारखे पाण्यात. वामनराव वाळूवर, आमच्या चपला अन् मोबाइल सांभाळत. सुधाकरनं त्यांना चपलांचे मंत्री केलं. ते हसले नाहीत. मग त्यांनीच सांगितलं.

त्यांचा थोरला भाऊ पंपाचा अडकलेला पाइप सोडवायला बागेतल्या विहिरीत उतरला होता. वामनराव काठावर होते. पाच मिनिटं तंबाखू आणायला झोपडीत गेले. परत आले तेव्हा पाणी शांत होतं.

तेव्हापासून ते पाण्यात उतरले नाहीत. अन् कोणी पाण्यात असेल, तर काठ सोडून हलत नाहीत.

"पन समुद्र पाहाले इतक्या दूर आलो," ते म्हणाले. "एक दिवस त उतरीनच. आज नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून चार रंगांचे दुपट्टे आणायला लावले. उन्हात आम्ही डोक्याला बांधतो तेच. सुधाकरला लाल, नासिरभाईंना पिवळा, गुरुजींना हिरवा. मी हौसेनं निळा घेतला, तर तो परत करायला लावला. समुद्रात निळं दिसत नाही, हे व्यापाऱ्याला कळलं नाही, शेतकऱ्याला कळलं. मला केशरी मिळाला. डोकी बांधून आम्ही लाटांमध्ये, अन् काठावरून दर दोन मिनिटांनी हाक: लाल, पिवळा, हिरवा, केशरी. ज्याचा रंग, त्यानं हात वर करायचा.

किनाऱ्यावर ड्यूटी करणारा एक जवान बराच वेळ पाहत होता. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, प्रचार कुठल्या पक्षाचा आहे?"

* * *

एका वर्षी घाटातून जाताना सकाळी सकाळी गाडीभोवती पांढरं झालं. नासिरभाईंनी करकचून ब्रेक मारला, खाली उतरून बॉनेट उघडलं अन् पाण्याच्या कॅनकडं धावले. मे महिना, चढ, अन् गाडीसमोर वाफ! अकोल्याच्या ड्रायव्हरला दुसरं काय सुचणार? रेडिएटर गेला, असं धरून ते आमची माफी मागायला लागले.

वामनरावांनी बॉनेटच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मग तोच हात हवेत धरून ओला झालेला दाखवला. म्हणाले, "नासिरभाई, गाडी तापली नाही. आपून ढगात आलो."

सुधाकरनं सदरा काढला, रस्त्याच्या कडेला तसाच उघडा उभा राहिला अन् घरी फोन लावला. अकोल्यात दिवस उगवल्यापासून उन्हाच्या झळा, अन् हा बायकोला सांगतोय, "मी ढगात उभा आहो."

पलीकडून वहिनींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "सकाळपासूनच घेतली का?"

* * *

समुद्रातला किल्ला पाहायला होडी लागते. वामनराव अर्थातच धक्क्यावर थांबले. पण होडी सुटायच्या आधी त्यांनी नावाड्याला विचारलं, माणसं किती घेतली? नावाडी वैतागला. तीस वर्षं होडी चालवतोय म्हणाला.

"म्हनूनच विचारून राहिलो," वामनराव म्हणाले. "नवा मानूस भेते, तो मोजते. सवय झालेलाच मोजनं सोडते."

लोक हसले. नावाड्यानं रागारागानं बोट दाखवत मोजले: बावीस.

परतीच्या वेळी होडी भरली, दोर सुटला. नावाड्याला काय आठवलं कोणास ठाऊक, त्यानं पुन्हा बोट उचललं. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीस. शेवटची फेरी, मागून दुसरी होडी नाही. दोन माणसं परत किल्ल्यात धावली. तटाच्या सावलीत, पिशवी उशाला घेऊन, आमचे गुरुजी गाढ झोपलेले!

अन् आम्ही तिघं होडीत वाद घालत होतो, नारळपाणी कुठं स्वस्त.

पुढच्या वर्षी गेलो, तर नावाडी न सांगता प्रत्येक डोकं मोजत होता. धक्क्यावर वामनराव दिसले, तसा लांबूनच ओरडला, "काका, अठरा!"

* * *

मागच्या वर्षीचं मात्र हसण्यासारखं नाही.

दुपार कलली होती, लाटा जरा मोठ्या. काठावरून हाक आली, हिरवा. हात वर झाला नाही. पुन्हा हाक. मी वळून पाहिलं, तर हिरवा दुपट्टा पाण्यावर एकटाच तरंगत होता.

वामनराव उठून धावले. ओल्या वाळूपर्यंत आले, अन् तिथंच थांबले. पाय पुढं जाईचना. 

गुरुजी त्यांच्यापासून दहा पावलांवर, घोटाभर पाण्यात, उघड्या डोक्यानं उभे होते. लाटेनं दुपट्टा नेला म्हणून तो शोधत होते; लाटांच्या आवाजात हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती. टक्कल पाहून वामनरावांनी त्यांना ओळखलंच नाही.

सुधाकरनं त्यावर काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं अन् मिटलं. सुधाकरनं तोंड मिटलेलं मी तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी काकूंनी वाढलेलं ताट वामनरावांनी तसंच सरकवलं. माझ्याशी एवढंच बोलले, "भाऊ, मले मोजता येते, पन आनता येत नाही. मंग त्या मोजन्याचा उपेग काय?"

मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा येत नाही.

* * *

फेब्रुवारीत एका लग्नासाठी मोर्शीला गेलो होतो. म्हटलं, बागेत जाऊन त्यांना भेटावं. घरी कोणी नाही. शेततळ्याकडून बाईमाणसाचा दरडावणारा आवाज येत होता. "काका, पाय मारा. दोर नोका पकडू. पाय मारा!"

जाऊन पाहतो तर शेततळ्यात वामनराव. पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे बांधलेले, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कडुनिंबाला. काठावर त्यांची पुतणी सारिका, त्याच थोरल्या भावाची पोरगी. शाळेत असताना पोहण्याच्या स्पर्धांना जायची, आता काकाला शिकवत होती. वयाच्या साठाव्या वर्षी!

मला पाहून वामनराव हनुवटीपर्यंत खाली गेले. "कोनाले सांगू नोको," म्हणाले.

तीन महिने मी सांगितलं नाही. दिवसभर बोलून माल विकणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल, विचार करा. सारिकानं मला फाटकापर्यंत सोडलं. काका रोज येतात का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "रोज येतात. पहिले पंधरा दिवस नुसते काठावर बसून गेले. मीबी बसून राहिली."

* * *

आता या मे महिन्यातली गोष्ट.

तोच किनारा, तेच काकूंचं घर. आम्ही चौघांनी दुपट्टे बांधले. वामनरावांनी पिशवीतून एक पांढरा काढला, स्वतःच्या डोक्याला दोन गाठी मारून बांधला अन् सदरा काढून माझ्या हातात दिला.

"तू बस आज," ते म्हणाले. "तू व्यापारी मानूस. मोजनं तुले जमते."

सुधाकर, गुरुजी, नासिरभाई त्यांच्याजवळ आले. वामनराव चालायला लागले, तसे तिघं त्यांच्या आजूबाजूनं गेले, हात न धरता. ओली वाळू आली. तिथं ते थांबले. बराच वेळ थांबले. तिघंही थांबले. एक लाट आली, त्यांच्या पायांवरून जाऊन परत गेली.

मग घोटे. गुडघे. कंबर.

मी मोठ्यानं म्हणायला लागलो: लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. चार हात वर. पुन्हा: लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. माझे डोळे भरून आले होते, रंग एकमेकांत मिसळत होते, अन् तरीही मी तीच चार नावं त्याच क्रमानं घेत होतो.

छातीएवढ्या पाण्यातून पांढरा दुपट्टा माझ्याकडं वळला.

"भाऊ, मोजून राहिला नं?"

"हाव. चार."

"डोये पूस आंधी," वामनराव ओरडले. "पाहून मोज, भाऊ. आठवून नोको मोजू."