मावशींचं नाक आणि त्यांचा राखणदार

सोड्यांची मूठ भरायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "खणखणीत हायत बाय, घे." मग वजन. मिरकरवाड्याच्या वाटेवर सुकी मासळी विकणाऱ्या या मावशी तुमच्यापैकीही काहींनी पाहिल्या असतील. त्यांना वास येत नाही हे मात्र मला एकटीलाच माहीत होतं. मी नाक-कान-घशाची डॉक्टर आणि त्या माझ्या सगळ्यांत छळवादी पेशंट.

सायनसची जुनी सूज, नाकात वाढलेलं मांस. फवारा रोज मारायचा, एवढंच माझं सांगणं. मावशी नाक चोंदलं की मारायच्या, मोकळं झालं की बाटली फळीवर. "बरं वाटलं ना, मग कशाला गो?"

"ही नुसती सर्दी नाही, मावशी. जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी नाकात ठाण मांडून बसल्यात. जंतू गेले तरी उठत नाहीत." पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून म्हटलं, "गावचा राखणदार असतो ना, तसं समजा. चोर पळाला तरी हा काठी फिरवतोय आणि घरातलीच भांडी फोडतोय. त्याला शांत करायला हा फवारा."

मावशींनी फवारा बंदच केला. "राखणदार म्हंजे गावचा देव, त्याला नारळ देतात बाय. त्याच्यावर औषध नाय मारत."

मी कपाळाला हात लावला.

त्या पावसाळ्यात त्यांच्याकडून कुबट सोडे विकले गेले. माल परत येऊ लागला, नेहमीच्या बायका पुढच्या टोपलीकडे वळल्या. मावशींची मूठ तरी नाकाशी जातच होती. मला रागही आला आणि रडूही.

पदरचा नारळ घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. मावशींनी रीतसर गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, तू हायस तिथंच ऱ्हा, पण वाईच निजून ऱ्हा." माझ्या सगळ्या शिक्षणाचं सार त्यात आलं होतं, पण तेव्हा हे कबूल करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. फवारा मात्र रोज सुरू झाला.

काही महिन्यांनी त्यांनी मूठ नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "कुबट हायत गो. नको नेऊ." टोपली बाजूला सारून त्या हसत बसल्या. आपला माल नासला म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे लेकाने त्यांना मुंबईला नेलं. परवा फोनवर विचारलं, "फवारा मारता ना?"

"राखणदार गावात ऱ्हायला बाय. हितं कशाला?"

मी चिडले. वास येतो का, म्हणून विचारलं.

"हितं काय हुंगायचंय गो?"