सरांच्या फोनमधली माणसं

सरांच्या फोनमध्ये एकाही माणसाचं नाव नव्हतं. नंबर शे-दोनशे असतील, पण नावाच्या जागी ‘काळी दोन’, ‘पांढरी सहा’, ‘काळी एक जाडा’, ‘काळी एक मिशीवाला’ असलं लिहिलेलं. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे सांगायला नको. गाणारा पेटीच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर सा लावतो, ती त्याची पट्टी. सरांचं म्हणणं असं, की माणूस जन्मात गायला नसला तरी त्याच्या बोलण्याला पट्टी असतेच. “नावाचं काय घेऊन बसली वं? चार संजय हायेत माह्या ओळखीत. आवाज मात्र एकाचा दुसऱ्याले नाही.”

सर नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवायचे. मी तेव्हा संगीतात बी.ए. करून घरी बसले होते. बंगळूरच्या एका संस्थेत साथसंगतीचा अभ्यासक्रम होता, त्याच्या प्रवेशपरीक्षेला खरा पियानो वाजवावा लागणार होता आणि माझ्याकडे होता साधा कीबोर्ड. बाबांचा कळमन्यात संत्र्याचा व्यापार. त्यांनी सरळ सांगितलं होतं, “एक वर्ष देतो. नाही जमलं तर बी.एड. कर. मंग रडजो नको.” खऱ्या पियानोच्या शोधात मी त्या लॉबीत पोचले. तीन दिवस एकेका कॉफीवर बसून राहिले आणि चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, “सर, पाच मिनिटं वाजवू?”

सर स्टुलावरून उठले. मी वाजवलं, आणि बरं वाजवलं. तेवढ्यात लॉबीतल्या एक काकू पुढे आल्या, म्हणाल्या, मी गाऊ का, आणि उत्तराची वाट न बघता सुरूच झाल्या. “काळी चार,” सर हळूच म्हणाले. माझा डावा हात आपसूक वर गेला आणि गुळगुळीत लाकडावर चाचपडायला लागला.

“काय शोधून राहिली वं तिथं?”

“बटन,” मी म्हणाले.

आता गंमत अशी, की कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटन असतं. हात पांढरी एकवरच चालवायचे, बटन दाबायचं, आवाज हव्या त्या पट्टीत येतो. सहा वर्षं मी तसंच वाजवत आले होते. बारा पट्ट्यांतली मला एकच येत होती, हे मला त्या दिवशी, त्या सगळ्या लोकांसमोर कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरांनी उभ्या उभ्याच काकूंचं गाणं पार पाडलं, मग माझा नंबर घेतला आणि म्हणाले, “दुपारी तीनले येत जाय. तवा लॉबीत माशीबी नसते.”

त्या दुपारी म्हणजे एक शिक्षाच होती. सरांनी मला एकच चाल दिली, चार ओळींची. ती आज पांढरी दोनमध्ये, परवा काळी तीनमध्ये. नवीन काही मागितलं की म्हणायचे, “हेच नवीन हाय. काल हे दुसऱ्या घरी राहत होतं.” त्यांच्या वडिलांचा उमरेडला हातमाग होता. पियानोचं कौतुक कोणी फार केलं की सर म्हणत, “त्यात काय? पाय खाली, हात वर. आमच्या घरी सगळेच वाजवत होते, फक्त त्यातून लुगडी निघायची.”

शिकवण्यापेक्षा त्यांना मला माणसांकडे पाठवायची हौस जास्त. पियानोचे सूर लावणारा कारागीर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, लग्नात गाणारा एक बँकेतला कारकून. “पियानो ठेवायले घर मोठं लागते. माणसं ठेवायले निस्ता कान लागते.” शेवटी त्यांनी मला त्यांच्या प्रताप नगरातल्या भजनी मंडळात पेटीवर बसवलं. बाप्पा रे! आठ बायका, आठ पट्ट्या, आणि प्रत्येकीला वाटे बाकीच्या सात चुकतात. पहिल्या गुरुवारी एक आजी म्हणाल्या, “पोरगी चांगली हाय, पण पेटी आमच्या मागं मागं धावून राहिली.” दिवाळीपर्यंत मी त्यांच्या बरोबरीने चालायला लागले.

एक कोडं मला कायम होतं. सरांची स्वतःची पट्टी कोणती? मी कान देऊन ऐकायचे. मॅनेजरशी बोलताना ते खाली असत, भजनातल्या बायकांशी वर, वॉचमनशी आणखीच तिसरीकडे. थेट विचारलं तर हसले. “साथ करणाऱ्याले सोताची पट्टी कायले पायजे?”

फोन हरवणं ही त्यांची रोजची सवय. “रिंग दे वं जरा,” म्हणायचे. एका दुपारी मी रिंग दिली, तर तो पियानोच्या झाकणावर कागदांखाली थरथरत होता. मी कागद बाजूला केले. पडद्यावर माझा नंबर आणि त्यावर लिहिलेलं: ‘बटन’.

आठ महिने झाले होते. बोटं सुजेपर्यंत वाजवलं होतं, आणि या माणसाच्या लेखी मी अजून बटनच! मी फोन त्यांच्या हातात दिला आणि निघाले. मनीषनगरच्या घरापर्यंत स्कूटीवर रडत गेले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता परत हजर होते, कारण राग येऊन जाणार कुठे?

परीक्षेत माझ्यासमोर एक मुलगा गायला उभा राहिला. नाक चोंदलेलं, डोळे लाल. काळी दोनमध्ये सुरू केलं आणि वरच्या सुराला आवाज फाटला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मानेनेच ‘थांब’ म्हटलं आणि पांढरी एकमध्ये उतरले, तिथेही त्याला जड गेलं तशी आणखी एक पायरी खाली, पांढरी सातवर. तिथे त्याचा गळा मोकळा झाला. डावा हात वर गेला नव्हता, हे मला बाहेर आल्यावर आठवलं.

मी लगेच सरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “त्या पोराचं गाणं नीट झालं काय?”

“हो.”

“मंग झालं.” आणि फोन ठेवला. शाबास नाही, काही नाही. मला प्रवेश मिळाला, पण त्या ‘मंग झालं’चा राग पुढे कित्येक दिवस होता.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मी नागपूरला पोचले तेव्हा सरांच्या बायकोने, काकूंनी, त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला. “तूच पाय वं. कोणाले कळवू? नावंच नाही याच्यात. घरच्याइले सांगितलं, बाकीचे कोण हायेत, देव जाणे.”

मी अंगणात खुर्ची टाकून बसले आणि आधी ‘काळी’, मग ‘पांढरी’ असं शोधून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. ‘काळी एक जाडा’, ‘पांढरी पाच चर्च’. पलीकडून ‘हॅलो सर’ आलं की सांगणं अवघड व्हायचं. सूर लावणारा कारागीर तर फोनवरच हुंदके द्यायला लागला. पाच-सहा फोन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी प्रत्येकाशी त्याच्याच पट्टीत बोलत होते.

संध्याकाळपर्यंत काळ्या-पांढऱ्या संपल्या. मग मी ‘बटन’ शोधलं. नव्हतंच. वाटलं, काढूनच टाकला असेल माझा नंबर. माझा फोन काढला आणि रिंग दिली. मांडीवरचा सरांचा फोन वाजला. पडद्यावर लिहिलं होतं: ‘कोणतीही पट्टी’.

काकू बाहेर आल्या, वाकून बघितलं. “हे? हे तं तुह्या परीक्षेच्या दिवशीच बदलवलं त्यायनं. तुहा फोन ठेवला अन् हे लिहायले अर्धा घंटा चष्मा शोधत होते.”

फोन वाजतच होता. मला तो बंद करवेना.