कापणीच्या दिवशी आबांची गोळी

माझे वडील, म्हणजे आबा, रागाला शेतीचं अवजार समजतात. चोपड्याकडे आमची केळीची बाग आहे, आणि केळी विकायची तर व्यापाऱ्याशी भांडावं लागतं. भाव रोज जाहीर होतो, पण बागेत येऊन उभा राहिलेला व्यापारी त्यातून काहीतरी कमी करतोच. मग आबा असे तापतात की पलीकडच्या बागेतले मजूर हातातलं काम सोडून ऐकत बसतात.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत हृदयाच्या स्नायूपेशींवर काम करते. आबांनी गावात माझी ओळख 'उंदराच्या काळजाची डॉक्टरीण' अशी करून दिली आहे. त्यामुळे मी सुट्टीत घरी गेले की कुणीतरी घरात उंदीर झाल्याची तक्रार घेऊन येतंच.

मागे जळगावच्या डॉक्टरांनी आबांच्या हृदयाची तपासणी केली, भिंत जाड झाली आहे असं सांगितलं आणि रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. भिंत जाड म्हटल्यावर आबांना बरंच वाटलं. मला मात्र असं जाडावलेलं हृदय पुढे थकत जातं, हे पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या सुट्टीत घरी होते तेव्हा एका सकाळी आबांनी गोळी पाकिटातून काढली, पाहिली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. आई म्हणाली, "कापणीच्या दिवशी घेतच नाहीत ते."

"गोळी खादी का राग येस नही," आबांनी खुलासा केला. "राग नही उना ते भाव कसा जमी?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. तरी मी ओट्यावर बसून शिकवणी सुरू केली. राग आला की रक्तात एक रसायन उतरतं. ते पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरच ठरावीक जागी चिकटतं आणि आत निरोप सुटतो. आपल्याकडे लाइट आली की रस्त्यावरचा माणूस बांधावरच्याला हाक देतो, बांधावरचा विहिरीवरच्याला, आणि मग मोटर सुरू होते. तसाच हा निरोप एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रकात पोचतो. तिथं जनुकं असतात. एखाद्या वेळी निरोप आला तर हृदय थोडं जोरात चालतं, एवढंच. पण तो येतच राहिला तर जन्मापासून मिटून बसलेली जनुकंसुद्धा उघडतात, आणि जड काम कायमचंच आलं असं समजून पेशी स्वतःला जाड करत सुटते. गोळी ती बाहेरची जागा अडवून बसते. जागा अडल्या म्हणून पेशी नव्या जागा तयार करते, आणि गोळी चुकली की राग नेहमीपेक्षा जोरात आत पोचतो.

"आणि तुम्ही चुकवायला नेमका भांडणाचा दिवस निवडता!"

आबांनी सगळं मन लावून ऐकलं. "बठ्ठं समजनं," ते म्हणाले. "पन आज केळी कापनी शे."

तेव्हा माझा आवाज चढला. "मला भीती वाटते, आबा. भाव गेला तर गेला, मला तुम्ही हवे आहात. आज गोळी घ्या आणि गप्प बसा. भांडायचं मी बघते."

त्यांनी गोळी घेतली. माझी फजिती बघायला मिळणार याचा मोह त्यांना आवरला नसावा.

व्यापाऱ्यानं बागेत येऊन भाव सांगितला, तसा मी पुणेरी मराठीत निषेध नोंदवला. घड उतरवणारी पोरं तोंड फिरवून हसली. छातीत धडधडायला लागलं, तरी मी बोलत राहिले. व्यापाऱ्याचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो बांधावर बसलेल्या आबांकडे बघत होता. आबा गुमान घड न्याहाळत होते.

"आबा, नाराज शेतस का?"

आबा गप्प.

"दुसरा व्यापारी येई ऱ्हायना का?"

आबांनी रस्त्याकडे पाहिलं, म्हणजे खरंतर मान वळवली इतकंच. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच व्यापारी जाहीर भावावर आला.

मी विजयी मुद्रेनं पुण्याला परतले. महिन्याभरानं आईचा फोन आला. आबा आता कापणीच्या दिवशी न चुकता गोळी घेतात. फक्त कापणीच्याच दिवशी. बाकीच्या दिवशी म्हणतात, "आज कापनी नही, मंग गोळी वाया काब्र घालू?"

मी डोक्याला हात लावला. एवढी वर्षं पेशींचे निरोप वाचण्यात घालवली आणि घरचा एक निरोप नीट पोचवता आला नाही.

आता मी रोज सकाळी घरी फोन करते. "आबा, आज व्यापारी येतोय," एवढंच सांगते. येत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. बागेचा धनी मी नाही, ते आहेत.

"येऊ दे," ते म्हणतात, आणि त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.