शिक्षेचा रकाना

सदूकाका गेल्याचं मला वुडलँड्स स्टेशनात एमआरटी मेट्रोतून उतरताना कळलं. आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचा नुसता पूर आला होता. 'थोर संशोधक' काय, 'ज्ञानाचा झरा' काय! यातल्या निम्म्या लोकांनी 'खडूस म्हातारा' म्हणून त्यांना घरी बोलावणं कधीच सोडलं होतं. त्यात पहिला मी. तरी मीही हात जोडून मोकळा झालो.

काका पुण्यात जर्मन शिकवत. निवृत्तीनंतर इथे जवळच यिशुनला लेकीकडे, मेधाकडे, राहत आणि जुने जर्मन लष्करी कागद हौसेनं वाचून देत. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून लढताना जर्मनांच्या हाती सापडले होते. त्यांच्या कैदी-छावणीतल्या नोंदीची प्रत मी मागवली. एका रकान्यात चार ओळी, खाली सही-शिक्का. शिक्का दिसला की आमच्यासारख्यांना लगेच शौर्यच दिसतं! मी ती फ्रेम करून हॉलमध्ये लावली, पुण्याला वडिलांना, म्हणजे अण्णांना, 'शत्रूनंही गौरव केला' असं कळवूनही टाकलं. मग काकांना चहाला बोलावलं... कौतुक ऐकायला.

काकांची पद्धत ठरलेली. नोंदीकडे बघण्याआधी ते रकान्याचं शीर्षक वाचत. भिंग लावून त्यांनी वाचलं आणि खदाखदा हसले. "गौरव कसला? हा शिक्षेचा रकाना आहे. स्वयंपाकघरातून बटाटे चोरले. तीन दिवस कोठडी."

"काका, भाषांतरात जरा सौम्य लिहा ना. अण्णांना या वयात सोसायचं नाही."

"तुम्हा लोकांना पूर्वज नकोत, पुतळे हवेत," असं म्हणून ते चहा तसाच टाकून उठले. मी त्यांना पुन्हा फोन केला नाही. दोन वर्षं! अण्णांच्या काळजीचं नुसतं सोंग. जपत होतो ती माझीच शेखी. इतका क्षुद्र माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

महिन्याभरानं मेधाला भेटायला गेलो. काकांच्या खोलीत नेऊन तिनं टेबलाच्या खणातून माझ्या नावाचं पाकीट काढून दिलं. आत भाषांतर होतं, त्यांच्या सुबक अक्षरात. बटाटे, कोठडी, सगळं जसंच्या तसं. त्यांच्याच खुर्चीत बसून मी अण्णांना फोन लावला, 'ज्यांनी तो जर्मन कागद लावून दिला त्यांच्या घरून बोलतोय' एवढंच सांगितलं आणि ते वाचून दाखवलं.

अण्णा म्हणाले, "उपाशी होते रे माझे आजोबा... मला कधी कोणी सांगितलंच नाही." लगेच पुढे म्हणाले, "तो कागद ज्यांनी लावून दिला ना, त्यांच्याकडे फोन दे. मला बोलायचंय त्यांच्याशी."