दौलतरावांनी पाडलेला पोचा

दौलतराव डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं बेटमा रोडवरच्या शेडखाली गेली. डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला की केसाएवढा पोचाही त्यांना सापडे, आणि सापडला की काढल्यावाचून चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा जग चेपलेला दिसला, तर आत अंगठा घालून तो सरळ करत. घरची माणसं शरमून जात.

शेजारच्या अमिताताईंची संहिता इंजिनिअरिंगला होती. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिनं एका इटालियन स्पोर्ट्‌स कारचं चार फुटी पत्र्याचं मॉडेल करायला घेतलं. ती गाडी म्हणे एकच बनली, लोकांना दाखवण्यापुरती. विक्रीला कधी उतरलीच नाही.

"विकलीच नाही, म्हणजे कुठं ठोकलीही नसणार," समोरून काढलेला फोटो बघून दौलतराव म्हणाले. "आपल्या धंद्याच्या काय कामाची?"

तरी तीन महिने त्यांनी पोरीला हातोडा धरायला शिकवला. सोमवारी परीक्षक येणार होते. ज्याचं काम सरस ठरेल त्याला गाड्यांचे आकार घडवायला शिकण्यासाठी पुण्याला धाडणार होते.

शनिवारी दौलतराव भाच्याच्या लग्नाला मानपूरला गेले. रविवारी सकाळी शेड उघडून बघतात तर मॉडेलच्या दोन्ही दारांवर लांबलचक पोचा! कुणीतरी उचलताना पाडलं असणार. पोरीनं बघायच्या आत हे नीट व्हायला हवं, म्हणून ते न जेवता बसले. दुपारपर्यंत दारं आरशासारखी सपाट झाली.

संहिता आली आणि दारातच थबकली.

"काका, ते खोलगट कुठे गेलं?"

"पोचा होता बेटा. काढला."

"पोचा नव्हता हो! डिझाइन होतं. काल पूरा दिवस लागला मला." तिनं गाडीचा बाजूनं काढलेला फोटो पुढे धरला. दारावरून पुढून मागे एक खोल पन्हळ गेली होती. "वो ही तो असली चीज आहे या गाडीची!"

दौलतरावांनी दारावर अंगठा दाबून बघितला. दोनदा ठोकलेला पत्रा पातळ होतो. आता एक घाव जरी जास्त पडला, तर तो फाटणार होता. नवा कापून घडवायला वेळ नव्हता.

"तुम्हीच मारा काका. माझ्या हातून फाटेल."

त्यांनी आतून वाळूची पिशवी लावली, हातोडा उचलला, आणि हात हवेतच राहिला. धडधाकट दाराला बाहेरून मारायचं? जन्मात केलं नव्हतं.

"काका, आईचा चौथा फोन आलाय. झालं का विचारतेय."

"तिला सांग, होतंय."

पहिला घाव इतका हलका पडला की पत्र्याला कळलाही नसेल. मग दुसरा पडला, आणि तिसरा. संध्याकाळी त्यांनी डोळे मिटून दोन्ही दारांवर आळीपाळीनं तळहात ठेवला. हात सावकाश पन्हळीत उतरला आणि पलीकडे निघाला. कुठं चीर नव्हती. पोचा काढायच्या सवयीनं हातोड्याकडे बोटं वळलीच, पण त्यांनी ती खिशात घातली.

सोमवारी सकाळी गोधडीत गुंडाळलेलं मॉडेल लोडिंग रिक्षात चढलं. अमिताताई दोरी तिसऱ्यांदा तपासत होत्या. दौलतराव चालकापाशी गेले.

"भिया, जरा संभाल के. पोचा पडायला नको." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे आहेत ते दोन सोडून."